काठीचा मोजा

तीर्थरूप बाबांस,

काल संपदाताई फोनवर हसत म्हणाली, "बाबा आता शहाणे झालेत. सातपर्यंत झोपतात." मला बरं वाटलं. सुरुचीला सांगितलं, तर ती म्हणाली, "पप्पा, आजोबा झोपत नसणार. नुसते पडून राहत असतील."

शांती नगरच्या या दोन खोल्यांत तुम्ही पहाटे उठून काठी टेकत फिरायचात आणि मी चिडायचो. सुरुची सुट्टीत अकरापर्यंत झोपायची, तेव्हा वाढतं वय म्हणून मीच सगळ्यांना गप्प करायचो. या वयात झोप लवकर उडते, असं डॉक्टरांनी तुमच्याबद्दलही सांगितलं होतं. तरी तुम्हाला काशीगावला ताईकडे सोडून आलो.

काठीच्या टोकाला तुम्ही मोजा बांधला होता. "घसराल!" असं ओरडून मी तो काढायला लावला. आवाज होऊ नये म्हणून तो होता, हे सुरुचीला माहीत होतं. मोजा तिनेच दिला होता.

हे पत्र मिळालं, तर तुम्ही लगेच फोन करून म्हणाल, "मला छान झोप लागते रे इथे." आणि मी ते खरं मानेन. म्हणून पाठवत नाही.

तुमचा,
जितेंद्र