गणपतराव तुरुंगातून बाहेर येत नाहीत

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ७ फेब्रुवारी १९५४, रविवार सकाळ

प्रिय सयाजीराव वकीलसाहेब यांस,

केरबा मास्तरचा मनापासून रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? कोर्टातल्या त्या खुर्चीत उशी घेऊन बसा, लाजू नका. न्यायाधीशांच्याही कमरा दुखतात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं अन्नावरचं लक्ष उडालं आहे आणि तुमची आक्का माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवताना ते पाटावर ठेवत नाही, आपटते. याला कारण तुम्ही. रागावू नका, पण दिवाळीत आला होता तेव्हा चिवड्याबरोबर फटाके आणले असतेत तर ही वेळ आली नसती. तुम्ही तो विलायती व्यापाराचा खेळ आणलात.

खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. लीलानं त्यावरची ती तोंडात न मावणारी साहेबी नावं झाकून आपल्या हुपरी-मुरगूडसारख्या गावांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा तर तो आपल्यातला वाटू लागला. फासे टाकायचे, पटाच्या कडेकडेनं चालायचं, जिथे पाय पडेल ते गाव कुणाचं नसेल तर विकत घ्यायचं आणि दुसरा कुणी तिथे आला की त्याच्याकडून भाडं उकळायचं. (म्हणजे आमच्या पेठेतले घरमालक करतात तेच, फक्त इथे पाण्यावरून भांडण नाही.) एका रंगाची सगळी गावं हाताला लागली की त्यावर लाकडाची इवलीशी घरं बांधायची, मग भाडं आणखी वाढतं. एक फेरी पुरी केली की पेढी पगार देते. नुसतं चालत घरी आल्याबद्दल पगार, ही कल्पना मला शिक्षक म्हणून फार आवडली. इथवर सगळं तुम्ही नीट शिकवलंत. पण पटाच्या एका कोपऱ्यात तुरुंग आहे, आणि त्याचा नियम सांगायच्या वेळी तुम्ही अनारसा खात होता. "दंड भरला की सुटतो," एवढं बोललात आणि दुसरा अनारसा उचललात. दंड भरायचा नसेल तर काय, हे राहूनच गेलं. त्या अनारशापायी माझ्या मुलीचं लग्न अडलं आहे.

आता मुळापासून सांगतो. मुरगूडच्या गणपतरावांच्या कृष्णाताचं स्थळ लीलाला आलं आहे, हे आक्कानं तुम्हाला कळवलंच आहे. मुलगा शेतकीचं शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला हळू. घरी ऊस, गुऱ्हाळ, म्हशी. गणपतराव म्हणजे सरळ आणि मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी गुपित सांगितलं तरी ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. आणि या सर्वांच्या वर त्यांच्या मातोश्री धोंडुबाई. त्यांच्यापुढे गणपतराव हात बांधून उभे राहतात. मंडळी आमच्याकडे मुलगी बघायला आली. पसंत पडली, देण्याघेण्याचं नाव नाही, सगळं गोड. फक्त धोंडुबाईंचा हट्ट असा की फाल्गुनातच अक्षता पडायला हव्यात. लीलाचं ट्रेनिंग कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा एप्रिलात. मी चाचरत तसं म्हणालो, तर म्हातारी म्हणाली, "शिकून काय कलेक्टर हुनार हाय व्हय? म्हशीला हजेरी लागत न्हाय मास्तर!" मी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली. लीला माझ्याकडे बघत होती. परीक्षेआधी तुझं लग्न करणार नाही असा शब्द मी तिला दिलेला आहे, पण शब्द देताना समोर मुलगी होती आणि इथे समोर धोंडुबाई होत्या. मुलगी समोर असली की मी फार धीट असतो.

सुपारी त्याच दिवशी फोडायची ठरली. पण ज्योतिषी म्हणाला, पाच वाजेपर्यंत वेळ बरी नाही. पोहे खाऊन झाले, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं, आणि घड्याळात नुसते तीन. सोप्यात अशी शांतता पसरली की धोंडुबाईंचा सुपारी कातरण्याचा आवाज मला माझ्या मानेजवळ ऐकू येऊ लागला. तेवढ्यात लीलानं तुमचा तो खेळ आणून पुढ्यात ठेवला आणि मी, माझी अक्कल चरायला गेली होती, म्हणालो, "पावणं, दोन घटका करमणूक करू या." डाव मांडला. लीला पेढीवर बसली. मी चिंचोका घेतला, कृष्णातानं सदऱ्याचं बटण घेतलं आणि गणपतरावांनी आपल्या गुऱ्हाळाचा मान म्हणून गुळाचा खडा घेतला. (त्याला पुढे मुंग्या लागल्या. आता त्यांच्या जागी कवडी आहे.)

माझा बेत साधा होता. होणाऱ्या व्याह्याला जिंकू द्यायचं. पण फासे म्हणजे वर्गातली उनाड पोरं; नको तेव्हा उत्तर बरोबर. गणपतराव खेळले की पाय माझ्याच हुपरीत. मी म्हणालो, तुम्ही पाहुणे, भाडं राहू द्या. तर त्यांचा आवाज चढला. "मास्तर, मला फुकट्या समजलायसा व्हय?" भाडं घेतलं. घेतलं म्हणून आतून तुमच्या आक्कानं भांडं आपटलं. मग त्यांनी मुरगूडच विकत घ्यायचं मनावर घेतलं, आणि ते नेमकं माझ्या हाताला लागलं. मी ते त्यांना जवळजवळ पाया पडून विकलं. सगळं सुरळीत होतंय असं वाटेपर्यंत पावणेपाचला गणपतराव तुरुंगात गेले.

तुम्ही म्हणाल, दंड भरायचा आणि सुटायचं. मीही तेच म्हणालो. आणि सयाजीराव, मी विसरलो की हा माणूस बेचाळीस साली खरोखरच तुरुंगात होता. तेव्हा दंड भर आणि घरी जा असं त्यांना सांगितलं होतं आणि ते गेले नव्हते. गणपतराव मांडी घट्ट करून बसले. "गोऱ्याच्या राज्यात दंड भरला न्हाय, आनि आता ह्या पुठ्ठ्यावर भरू?" धोंडुबाईंनी अडकित्ता खाली ठेवला आणि छाती पुढे काढून म्हणाल्या, "माजा ल्योक दंड भरून सुटनारा न्हवं! भाकरी बांदून म्या न्हेत हुते तुरुंगाच्या दारात." आता या माउलीसमोर कोण म्हणणार की हा तुरुंग पुठ्ठ्याचा आहे?

पाच वाजले. सुपारी, पानं, नारळ, ताट तयार. धोंडुबाईंनी पटाकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांच्या घराण्यात म्हणे अर्ध्यावर डाव टाकून शुभकार्याला हात लावत नाहीत. त्यांच्या कुणा चुलतसासऱ्यानं सोंगट्यांचा डाव अर्धा सोडून सुपारी फोडली होती, तर नवरदेव वरातीत घोड्यावरून पडला. म्हणून आधी डाव पुरा, मग सुपारी. आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून मंडळी निघून गेली. डाव आहे तसाच सोप्यात आहे. मांजरानं उलथू नये म्हणून मी त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं घातलं आहे. शेजारी विचारतात, आत काय आहे? मी काय सांगू, आत माझे व्याही आहेत?

तेव्हापासून दर रविवारी मुरगुडाहून सगळे येतात, डालगं निघतं आणि डाव पुढे चालू होतो. गणपतराव तुरुंगातच. फासे टाकतात, दोन्हींवर सारखे ठिपके पडले तर सुटतात म्हणे, पण ते पडत नाहीत. आणि गंमत अशी की आत बसून त्यांचं उत्तम चाललं आहे. आम्ही बाहेर भाडी भरत वणवण फिरतो आणि त्यांची भाडी मात्र त्यांना तुरुंगात पोचतात. "म्या आत हुतो तवाबी रान पिकतच हुतं की," म्हणून हसतात. माझं दिवाळं निघालं तरी डाव संपेल म्हणून मी गेल्या खेपेला जे दिसेल ते विकत घेत सुटलो. पण मी बुडायला आलो की कृष्णात माझं एखादं ओसाड गाव चढ्या भावानं घेतो आणि मला वर काढतो. एवढा चांगला जावई मिळण्यासाठी आधी त्याच्या चांगुलपणातून सुटायला हवं, असा पेच आहे.

मला काळजीनं पोखरलंय हो. हुपरीच्या एका चांदीवाल्यांनी गणपतरावांकडे आपल्या मुलीचं सांगून पाठवलं आहे अशी बातमी आहे. फाल्गुन तोंडावर आला. डाव असाच रेंगाळला आणि मंडळी कंटाळून हुपरीला वळली तर माझ्या लीलाच्या हातून इतकं चांगलं घर जाईल, तेही एका पुठ्ठ्यापायी. तेव्हा माझी हात जोडून विनंती: तुम्ही वकील आहात. तुमच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट, असं मत लिहून पाठवा की या खेळाच्या कायद्याप्रमाणे कैद्याला ठरावीक काळानंतर बाहेर यावंच लागतं. मला तशी शंका आहेच, कारण कुठलंही सरकार कुणाला आयुष्यभर फुकट पोसत नाही. धोंडुबाई वकिलाचं ऐकतात. आज दुपारी मंडळी पुन्हा येणार आहेत. उत्तर लगेच टाका.

तुमचा चिंताग्रस्त दाजी,
केरबा

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. संध्याकाळ झाली आहे, मंडळी आताच गेली. वर लिहिलेली विनंती रद्द समजा. कागद महाग म्हणून फाडत नाही. खेळ चालू असताना गणपतराव हात धुवायला परसात गेले, मी तांब्या घेऊन मागून गेलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला प्रथमच कळलं. म्हणाले, "मास्तर, तीनदा फासं टाकून झालं की भायेर यावंच लागतंय, ठावं हाय मला. खेळातला विलायती कागद वाचून कृष्णाताला तुमच्या पोरीनं सांगितलं, त्यानं मला." मी विचारलं, "मग बाहेर का येत नाही?" तर म्हणाले, "आईम्होरं न्हाय म्हनायची माजी छाती न्हाय. पर आत बसायची सवय हाय की. पोरीची परीक्षा हुंदे. हुपरीवाल्यांस्नी कवाच न्हाय म्हनून सांगितलंय." सयाजीराव, मी मुलीला शब्द दिला आणि तो पाळतोय हा माणूस, कवडी होऊन. मला तिथेच रडू आलं. मी डोळ्यांत साबण गेला म्हणालो. ते म्हणाले, साबण माझ्या हातात हाय.

तेव्हा आता मत उलटं लिहा. कैदी वैशाखापर्यंत बिनदिक्कत आत राहू शकतो, असं. शिक्का मोठा मारा आणि पत्र धोंडुबाईंच्या नावानं मुरगूडला पाठवा. तुमच्या पेशात दोन्ही बाजू येत असतीलच.

ता. क. दुसरा. तेही लिहू नका. आता डालगं झाकायला गेलो तर तुरुंगाच्या घरात, गणपतरावांच्या कवडीला टेकून, एक अख्खी सुपारी ठेवलेली. लीलाला विचारलं. ती म्हणाली, निघताना धोंडुबाईंनीच ठेवली, आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुजं पेपर सपलं की ही फोडायची. तवर हितंच ऱ्हाऊंदे. आनि पोरी, माजा ल्योक असा आत बसला की म्या दारात भाकरी घिऊन यायचं असतंय, म्हनून येतीया दर ऐतवारी. त्याला सांगू नगं."