टोपी डोक्यावरच राहिली

३ ऑगस्ट, रविवार

टोपी काढली नाही!

टीव्हीसमोर मी उभीच राहिले. पाचव्या डावात इन्सोपचा चेंडू हातातून निसटला आणि समोरच्या फलंदाजाच्या, पे ग्वानमुकच्या बरगडीत बसला. पे गुडघ्यांवर आला. चेंडू लागतो, बेसबॉलच आहे तो. पण लागल्यावर पिचरने, चेंडू टाकणाऱ्याने, टोपी काढून मान लववायची, हे काय आज सांगायला हवं? शिवाय पे त्याच्याहून मोठा, त्याच्याच शाळेचा. इन्सोप त्याला दादा म्हणतो. आणि माझा मुलगा खांबासारखा उभा! उजवा हात मांडीशी, नजर मातीत.

फोन केला नाही. केला असता तर नको ते बोलले असते.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी मासळीबाजारात दुशिकच्या आईने गाठलंच. म्हणाली, "ताई, इन्सोपची टोपी डिंकाने चिकटवलीय का?" शेजारच्या टोपल्यांवरच्या सगळ्या हसल्या. मी म्हटलं, आधी तुझ्या बांगड्याचे डोळे बघ, परवाचा दिसतोय. जिंकले मीच. पण बांगडा न घेताच परत आले.

दुपारी इन्सोप आला. सोमवारी सामने नसतात. मी भाषण तयार ठेवलं होतं. तिसरीत असताना याने एका पहिलीतल्या पोराच्या तोंडावर चेंडू मारला होता. तेव्हा मी याला त्याच्या घरी नेऊन दारात वाकायला लावलं होतं. सिस्टर अगाथा आम्हाला शाळेत सांगायच्या, क्षमेला वय नसतं. आमच्या देशात मोठ्याने धाकट्यापुढे वाकणं कुणाला पटत नाही, पण मला पटलंय. सगळं ऐकवलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पे दादांच्या बाबतीत चुकलंच. पण आई, धाकट्यांना कोण टोपी काढतं?"

मी म्हटलं, बरं, निदान हा दारावरचा क्रूस सरळ कर. गेले कित्येक दिवस वाकडा आहे, माझा हात पोचत नाही.

तो उठला. डावा हात वर केला.

माझा मुलगा डावखुरा नाही.

मग एकेक दिसायला लागलं. जेवताना चमचा डाव्या हातात होता. सातूच्या चहाची किटली त्याने दोन हातांनी धरली होती. मी म्हटलं, "उजवा वर कर." तो म्हणाला, "नाही जात, आई. इंजेक्शन घेतलं की चेंडू टाकता येतो. काही वेळा टाकल्यावर हात लाकूड होतो. काल टोपीपर्यंत गेलाच नाही."

म्हणजे सगळा देश त्याला माजोरडा म्हणतोय आणि तो म्हणू देतोय. कारण माजोरड्या पिचरला पुढच्या वर्षी संघात घेतात. तेहतिसाव्या वर्षी खांदा गेलेल्याला नाही.

कुणाला सांगणार नाही असं वचन त्याने घेतलं. त्याच क्रुसाखाली.

५ ऑगस्ट, मंगळवार

भीती वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

त्याचा फोन. शनिवारी टाकणार आहे. कोच म्हणालेत, सात डाव हवेत, कमी चालणार नाहीत. मी विचारलं, आणि पुन्हा निसटला तर? डोक्याला लागला तर?

म्हणाला, "रोज तेच दिसतं. नव्वद चेंडू नीट पडले तरी मला तो एकच आठवतो. फलंदाजापासून लांब टाकायला जातो आणि मग ते ठोकतात. ठोकले की कोच बघतात."

मी म्हटलं, मग नको टाकूस. तो म्हणाला, "मग काय करू, आई?"

 

८ ऑगस्ट, शुक्रवार

कोचचा नंबर काढून ठेवलाय. फोन उचलते, ठेवते. वचन मोडणं पाप आहे. आणि दुसऱ्या कुणा आईच्या पोराचं डोकं फुटलं तर, माहीत असून गप्प बसलेली मी कोण? सिस्टर अगाथा, प्रत्येक गोष्टीवर छडी होती तुमच्याकडे. यावर का नाही काही शिकवलंत?

क्रूस अजून वाकडाच आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

मैदानावर गेले. नाव पुकारलं तसे लोक ओरडायला लागले — "टोपी! टोपी!" मागच्या बाकावरच्या एकाला मी गप्प बसवलं. बाकीच्यांना कसं बसवणार?

तिसऱ्या डावात निसटला. कानाच्या बोटभर खाली, मानेजवळ खांद्यावर. समोर यंदाच शाळा संपवून आलेलं पोर. त्याच्यासाठी टोपी काढली नसती तर कुणी एक अक्षर बोललं नसतं. पोर उठून उभं राहिलं, खांदा चोळत पहिल्या बेसकडे निघालंसुद्धा.

इन्सोपचा उजवा हात छातीपर्यंत आला आणि पडला. मग त्याने डावा हात झटकला. हातमोजा मातीत पडला. त्या डाव्या हाताने त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकला.

ओरडणं थांबलं. त्या लटकत्या उजव्या हाताकडे बघत कोच धावत निघाले. ते पोचले तरी तो वाकलेलाच होता.