फोटोतून काढलेली तार

मंगळवार, दिवाळीच्या आधीचा. संध्याकाळ.

गावाच्या ग्रुपची ॲडमिन मी. नियमही माहाच, इथं फक्त चांगलं टाका. काल शेजारच्या गजाननभाऊनं शेतात जायच्या पांदणीवरच्या विजेच्या तारेचा फोटो टाकला. "तार लय खाली आली, कुटाराची ट्रॉली इकून नेऊ नका." मी तो रातीच डिलीट केला. त्यायले लिहिलं, भाऊ, रोज काहून रडगाणं? मग त्याच पांदणीतला सूर्यास्ताचा माहा फोटो टाकला. त्यात तार मधात येत होती, ती कापून टाकली. बायांनी फुलं पाठवली, हात जोडले. लय बरं वाटलं मले.

आज हे ढोरायसाठी सोयाबीनचं कुटार, म्हंजे भुसा, आणायले त्याच पांदणीनं गेले. ट्रॉली उंच भरतात अन् कुटार दाबून धराले धाकटे दीर वर बसतात. गजाननभाऊचा मेसेज यायनं पाहिला असंन का? हे तर फोन सकाळीच पाह्यतात. आता उचलून नाही राह्यले. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नसंन. तेच असंन.

तो फोटो पुन्हा पाह्यला. तारेबिगर आभाळ किती साफ दिसते.

आत्ताच साऱ्या गावाची लाईट गेली.