निळ्यापासून सुरू केलेली वायर

आबा,

काल दुपारी चार वाजता आईच्या उशाशी फोन वाजला. मोबाइल नव्हे, आपला जुना लाल फोन, तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी घरी आणलेला. पलीकडे गव्हाणची मावशी होती. आई अर्धा तास बोलली, त्यातली वीस मिनिटं यंदाचा सुका जवळा कसा खारट निघाला यावर गेली, आणि मी दारात उभी राहून खुळ्यासारखी हसत होते. घरातला फोन वाजला याचं एवढं कौतुक कशाला, हे दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर वेड्यात काढतील. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले आहे ती वायरिंगबद्दल.

आम्ही आता विचुंब्याला राहतो. तुम्ही पाहिलंत तेव्हा तिथे भाताची खाचरं होती, आता सात मजले आणि लिफ्ट आहे. खांब नाहीत, आबा. केसाएवढी बारीक काचेची तार जिन्यातून वर येते, हॉलमधल्या एका डब्यात शिरते आणि त्या एका तारेतून टीव्ही, फोन, इंटरनेट सगळं घरात येतं. तुमचा यावर विश्वास बसला नसता. तुम्ही तो डबा उघडून बघितला असता, परत बंद केला असता आणि एक स्क्रू हमखास उरला असता.

हे सगळं केलं ते आईसाठी. श्रावणात ती पनवेलच्या आपल्या जुन्या खोलीत, मोरीपाशी पडली. हाड मोडलं नाही, पण दोन तास तशीच बसून होती, कारण तिथला तारेचा फोन कधीच बंद झाला होता, मोबाइल कपाटावर होता आणि हातात असता तरी तिला तो धड लागत नाही; अंगठा भलतीकडे पडतो आणि फोन कट होतो. आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे ये, म्हणून मी हात जोडले. आई ऐकेना. शेवटी अटी घातल्या. "फोन माझ्या उशाशी पायजे, तारेचा. आन टीव्ही माझ्या खोलीत, मालिका बगताना मधी कोनी बोलायचं नाय. आठ दिस येते. नाय जमलं तर परत जानार, मग तू रडू नको." आली ती एक पिशवी घेऊन, आणि ती पिशवी तिने रिकामी केलीच नाही. खाटेखाली तशीच ठेवली, रोज एक लुगडं काढायची, धुऊन वाळवून पुन्हा आत घालायची.

इंटरनेट कंपनीचा माणूस डबा हॉलमध्ये बसवून गेला. डब्यापासून पुढे, घरातल्या घरात तारा ओढणं हे त्याचं काम नाही म्हणाला. आईची खोली पार टोकाला, मध्ये तीन भिंती. हवेतून येणारं इंटरनेट तिथवर पोचता पोचता दमतं. बिल्डरने भिंतीत पाइप मात्र टाकून ठेवले होते. नवरा म्हणाला, माणूस बोलवू. मी म्हटलं, टेलिफोनच्या लाइनमनच्या पोरीने माणूस बोलवायचा? शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते, घरात बल्ब मीच बदलते, आणि तुमची पक्कड अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. रविवारी सकाळी मी स्टुलावर चढले. नवऱ्याने स्टूल धरलं आणि दर पाच मिनिटांनी विचारलं, माणूस बोलवू का.

पाइपातून आधी पोलादी तार सरकवली, तिच्या टोकाला केबल बांधली आणि दुसऱ्या बाजूने ओढली. आईच्या खोलीत दोन केबली नेल्या, एक फोनची, एक टीव्हीची. केबल सोलली आणि आतून रंग बाहेर आले, आबा. तेच रंग. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, प्रत्येकाबरोबर त्याच्या रंगाची रेघ असलेली पांढरी जोडीदारीण. मी स्टुलावर आहे आणि त्याच क्षणी मी आपल्या स्वयंपाकघरात आहे. आई बांगडे साफ करते आहे, ओट्याखाली मांजर बसली आहे, आणि तुम्ही फरशीवर कामावरून आणलेले वायरीचे तुकडे पसरून मला विचारता आहात, "पयला कोन?" मी म्हणते, निळा. "मंग?" नारिंगी. "मंग?" मला पाढे यायच्या आधी हे रंग येत होते. त्याच तुकड्यांची तुम्ही मला बांगडी विणून दिली होतीत, निळ्यापासून सुरू होणारी, शेवटी तुमच्या केबलीतला पाचवा, राखाडी. मी ती इतकी घातली की मनगटावर वळ उठला. आई म्हणाली होती, पोरीला सोन्याची करायची सोडून हा बाप वायरीची करतो. पण रागावली नव्हती, तिनेच ती रोज धुऊन दिली.

केबलच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा प्लग लावायचा असतो, त्यात आठ तारा ओळीने बसवून पकडीने दाबायच्या. मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस नारिंगीपासून सुरू करत होता. मला हसू आलं. म्हटलं, याला कोणी शिकवलेलंच दिसत नाही. व्हिडिओ बंद केला आणि निळ्यापासून सुरू केलं. दोन्ही टोकांना क्रम एकच असला की झालं, हे तर मला ठाऊकच होतं. दोन प्लग वाया गेले, बोटाला पक्कड चावली, पण संध्याकाळपर्यंत चारही टोकं झाली. तपासायचं छोटं यंत्र लावलं तर एक ते आठ सगळे दिवे ओळीने हिरवे. मी नवऱ्याकडे असं बघितलं की तो बिचारा न विचारताच चहा करायला गेला.

फोन पहिल्या झटक्यात लागला. मी मोबाइलवरून नंबर फिरवला, लाल फोन खणखणला, आईने दचकून उचलला आणि म्हणाली, "कोन पायजे?" मी म्हटलं, तूच पाहिजेस. टीव्हीने मात्र नाक कापलं. चित्र आलं, छान आलं, आणि सासू सुनेला खरं काय ते सांगणार एवढ्यात तोंड उघडं ठेवून थिजली. मग सुरू, मग पुन्हा थिजली. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. बुधवारी आई म्हणाली, "जाऊ दे ग. आपली खोलीच बरी. तितं निदान सासू बोलते तरी." पिशवी खाटेखालून निघून दाराशी येऊन बसली. शनिवारी आठ दिवस भरणार होते.

गुरुवारी मी हार मानली आणि कंपनीच्या माणसाला फोन केला. आला तो ओवे गावचा, पन्नाशीला आलेला, चष्मा कपाळावर. त्याने आईच्या खोलीतली भिंतीतली डबी उघडली, प्लग उजेडात धरला आणि चष्मा डोळ्यांवर ओढून एकेक तार बघितली. मग म्हणाला, "ताई, यो क्रम कोनी लावला?"

"मीच. का?"

"यो तं फोनवाल्यांचा क्रम हाय. जुन्या लोकांचा." त्याने प्लग माझ्यासमोर धरला. "बगा, आतमधी दोन-दोन तारांचा पीळ हाय ना, त्या जोड्या. टीव्हीला तिसरी आन सहावी तार एका जोडीतली लागते. तुमी तिसरी नारिंगीची लावली, सहावी हिरव्याची. नवरा एका घरात, बायको दुसऱ्या घरात, मंग संसार कसा चालनार? दिवे लागतात, कारन तार तुटलेली नाय. बोलन्यापुरतं फोनला चालतं. टीव्हीला नाय चालत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्याच वेळी, खरं सांगते आबा, आनंदाने ऊर भरून आला. कारण त्याने पुढे विचारलं, "तुमच्या घरात कोन लाइनमन व्हता?" माझ्या हातच्या चुकीत त्याला तुम्ही दिसलात.

दुरुस्त करायला केबल परत ओढावी लागेल, पुन्हा स्टूल, पुन्हा पाइप, अशी माझी तयारी होती. पण त्याने डबीत बोट घातलं आणि आतून वायरीचं वेटोळं बाहेर काढलं. चांगली हातभर वायर, चारही टोकांना. "ही बी त्यांचीच सवय," तो म्हणाला. "कोन सोडत नाय आता इतकी. कापा आन नवीन प्लग लावा, पाच मिन्टांचं काम." ती वायर मी तुमच्या धाकाने सोडली होती. अकरा वर्षांची असताना तुमच्याबरोबर एका वकिलांच्या घरी कनेक्शन द्यायला आले होते, आठवतं? वायर कापायचं काम तुम्ही मला दिलंत आणि मी ती अगदी मापात कापली, काटकसर म्हणून. तुम्ही त्या वकिलांसमोर मला झापलंत. "आज पुरली म्हंजे जालं नाय. उद्या जो येल त्याला काय ठेवलंस?" मी परतीच्या वाटेवर रडत होते आणि तुम्ही मला उसाचा रस पाजलात, पण शब्द मागे घेतला नाहीत. आता उद्या आला, आणि आलेली मीच निघाले. चूक घडवलीत तुम्ही आणि तारलंतही तुम्हीच.

टीव्हीच्या केबलची दोन्ही टोकं मीच कापली, त्याने नुसतं बघितलं. नारिंगीपासून सुरू करताना बोटं आधी निळ्याकडेच गेली. संध्याकाळी साडेसातला सासू बोलली. पूर्ण बोलली. आईने मालिका संपेपर्यंत पापणी हलवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर लुगडी कपाटात होती आणि आई म्हणाली, "ती पिशवी माल्यावर टाक ग, पायात येते." मी माळ्यावर चढले आणि उतरायला जरा वेळ लावला, कारण डोळे पुसायचे होते.

तो माणूस जाताना म्हणाला होता, फोनची वायर पण बदलून देऊ का, एकसारखं होईल. मी नको म्हटलं. आईच्या उशाशी जाणारी ती एक वायर अजून तुमच्याच क्रमाने आहे आणि तशीच राहील. हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. घडी करून तिथेच, भिंतीतल्या डबीत, वेटोळ्यामागे ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. मी आठवीत असताना तुम्ही शाळेसमोरच्या खांबावर चढला होतात. मी मैत्रिणींबरोबर फाटकातून आत जात होते. माझे वडील टेलिफोन ऑफिसात खुर्चीवर बसतात असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. वरून तुम्ही मला हाक मारलीत, मग आणखी एकदा मारलीत. मी मान वर केली नाही. रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, गाड्यांच्या आवाजात पोरीला ऐकू नाय गेलं. गुरुवारी त्या ओव्याच्या माणसाने विचारलं तेव्हा शेजारच्यांचं दार उघडं होतं, तरी मी मोठ्याने सांगितलं, माझे वडील लाइनमन होते, खांबावर चढायचे.

आबा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.