कोरड्या नाल्यातले तंबू

मु. पो. गोरेगाव, ३ मे २०२५

चि. दुर्गेश्वरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तू हिमालयातल्या कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानात पाठीवर ओझं घेऊन सहा दिवस पायी फिरणार, असं तुझी आई सांगते. मी तिला एवढंच विचारलं, कायले? कचारगडचा डोंगर चढताना तूच दर दहा पावलांवर बसत होतीस. आपल्या शेळ्या राखणारा रोशन त्यांच्यामागे रोज तेवढंच चालतो, त्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही. तुझ्यासोबत येणाऱ्या ऑफिसातल्या लोकांना एवढीच हौस असेल तर धानाच्या रोवणीला पाठव. चिखल फुकट मिळेल.

आई काळजीत आहे. मी नाही.

तुझा बाबा,
दुलीचंद

पुणे, ८ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही टोमणे माराल म्हणून लिहायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी आमचा म्होरक्या हिमांशू याने कोरड्या नाल्यातल्या सपाट रेतीवर तंबू लावायला सांगितले. काठच्या झुडपांत कमरेइतक्या उंचीवर वाळकं गवत अडकलेलं होतं. पाणी तिथवर चढतं, हे मला बघताक्षणी कळलं. पण आदल्याच दिवशी माझ्या बोलण्यावर सगळे हसले होते. मी गप्प राहिले. पाठ दुखते, रेती टोचते, असं काहीतरी सांगून माझा तंबू तेवढा वर नेला.

संध्याकाळी लोंढा आला. जीव सगळ्यांचे वाचले, पण माझी मैत्रीण अंजू हिचा पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात ती मला नशीबवान म्हणते. तिला खरं सांगू की नको, ते तुम्ही सांगा. आईला यातलं काही कळवू नका.

तुमची,
दुर्गेश्वरी

गोरेगाव, १६ जून

चि. दुर्गेश्वरीस,

हिमांशूला मी दोष देत नाही. त्याच्या बापजाद्यांनी तलाव बांधले नव्हते, आपल्यांनी बांधले. तलावाच्या मातीच्या पाळीतून पाणी पाझरताना दिसलं की ज्याला दिसलं त्याने ओरडायचं, “पाळ फुटून राहिली!” मग ते शेंबडं पोर का असेना. दहा वेळा खोटं निघालं तरी अकराव्यांदा अख्खं गाव फावडी घेऊन धावतं. ओरडणाऱ्याला आजवर कोणी हसलेलं नाही.

तुला पाणी दिसलं आणि तू स्वतःचा तंबू उचललास. एवढी हुशारी आपल्या घराण्यात आजवर कोणाला सुचली नव्हती. तुझ्या चालण्याची मी थट्टा केली, ती उगाच केली. पाय तुझे चांगलेच आहेत.

अंजूला सगळं सांग, समोर बसून सांग, आणि ती जे बोलेल ते ऐकून घे. त्याआधी घरी येऊ नकोस. आईला मीच सांगितलं आहे. ती रडली, पण ये म्हणाली नाही.

आशीर्वाद आहेतच, ते काही मला परत घेता येत नाहीत.

दुलीचंद