सावलीची बाजू

१८ ऑगस्ट १९८६, सोमवार
घेतलं अंगावर! आमच्या सूतगिरणीच्या फियासांव फुटबॉल क्लबचा इतिहास मी लिहायचा. अध्यक्ष ओसोरियो मधल्या सुट्टीत मी शिकवते त्या शाळेत आले, टोपी हातात घेऊन. "दोना दाल्वा, तुमचं अक्षर चांगलं." इतिहासाला अक्षर लागतं हे मला आजच कळलं. पण हो म्हटलं. सात सप्टेंबरच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सामन्याआधी हवाय – म्हणजे वीस दिवस.

आईला सांगितलं. ती काळा घेवडा निवडत होती. "फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा," म्हणाली, मान वर न करता. लहानपणी गल्लीत अनवाणी खेळताना हिनेच मला कान धरून घरी नेलं होतं. तेही एकदा नव्हे. माझा राग अजून गेलेला नाही.

२१ ऑगस्ट
इतिहास कसला, सगळं घोडं सावलीपाशी अडलंय. मैदानाला छप्पर एकाच बाजूला. सात सप्टेंबरला जुन्या क्लबची माणसं छपराखाली, नव्याची समोर उन्हात – गावाचा रिवाज. आमच्याशी खेळणारा नासेंते क्लब १९३८चा, आम्ही १९४१चे. तीन वर्षांपायी मी जन्मभर भाजून निघतेय. नासेंतेचे अध्यक्ष बेल्मिरो औषधवाले. दर आठ सप्टेंबरला दुकानाच्या दारात उभे राहून विचारतात, "भाजल्यावरचं मलम देऊ का, बाई?"

ओसोरियोंची अट एकच – क्लब १९३८च्या आधीचा निघाला पाहिजे.
"म्हणजे खोटं लिहू?"
"छे छे. खरंच लिहा. पण जरा जुनं."

२४ ऑगस्ट, रविवार
रेडिओवर सामना ऐकत होते. गोल झाला, तशी आई स्वयंपाकघरातून – "बावळट. आधीच झेपावला असणार. समोरच्याचा पाय बघायचा असतो." तुला काय कळतं त्यातलं, विचारलं. "आवाज कमी कर. डोकं दुखतंय."

२८ ऑगस्ट
सापडली! गिरणीच्या जुन्या कपाटात, रिकाम्या रिळांच्या खाली – क्लबच्या सभांची वही. पहिली सभा ३ मे १९३६! हजर अकरा जण: पिसू, मिरची, भोपळा, मांजर... खरं नाव एकाचंही नाही. त्यात नवल काय, आपल्याकडे पाद्रीबाबासुद्धा टोपणनावानेच ओळखला जातो. पण तिसऱ्या पानावर ठराव आहे: "झगा गुडघ्याच्या वर बांधावा. वेण्या टोपीत घालाव्यात."

बायका! आमचा क्लब सूतकताईतल्या पोरींनी काढला. मी तिथेच धुळीत बसून पोटभर हसले.

शेवटचं पान एप्रिल १९४१चं. सरकारचा हुकूम – बायकांनी फुटबॉल खेळायचा नाही. पोलिसांनी गोलची जाळीसुद्धा नेली. मग पुरुषांनी नवी वही उघडली आणि तीच क्लबची जन्मतारीख होऊन बसली. हे वाचताना हसू आलं नाही.

१ सप्टेंबर
नासेंतेचा १९३८चा पहिलावहिला सामना कोणाशी झाला? आमच्याशी! वहीत लिहिलंय: "आम्ही एक, ते शून्य. बेल्मिरोची पेनल्टी मांजराने अडवली. हाताला लागलं, तरी शेवटपर्यंत खेळली." आणखी काय पुरावा हवा?

आईला वाचून दाखवलं. ती ताटली पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसली. "मढी उकरू नकोस," म्हणाली.

४ सप्टेंबर
ओसोरियो आणि मी वही घेऊन औषधाच्या दुकानात. बेल्मिरोंनी चष्मा लावून वाचलं. कान लाल झाले.
"बायकांशी? मी? अहो, असली वही कोणीही खरडेल. पिसू म्हणे, मांजर म्हणे! या अकरांतली एक जिवंत बाई रविवारी मैदानावर उभी करा. मी स्वतः उन्हात जाऊन बसतो."
ओसोरियोंचा चेहरा पडला.

५ सप्टेंबर
गिरणीतल्या जुन्या कामगार बायकांची दहा घरं पालथी घातली. म्हाताऱ्या कॉफी देतात, मक्याचा केक देतात, नाव देत नाहीत. पिसू वारली आणि मिरची सांव पावलोला गेली, एवढंच कळलं. एक म्हणाली, "नवऱ्यांना नाही सांगितलं कधी, तर पोरींना काय सांगणार?" फार वाईट वाटलं. लाज कशाची? जिंकल्या होत्या की!

घरी आले तर आई तिची वाकडी करंगळी चोळत बसलेली. माझ्या जन्माआधी गिरणीच्या यंत्रात सापडली होती म्हणते. तेल लावून दिलं.

६ सप्टेंबर
इतिहास लिहून झाला. सोळा पानं, अक्षर छान. उद्या मोठी टोपी न्यायची – उन्हाची.

७ सप्टेंबर, रविवार
आई मैदानावर आली. सगळ्यांदेखत बेल्मिरोंसमोर जाऊन उभी राहिली आणि ती करंगळी त्यांच्या नाकापुढे धरली. "डाव्या कोपऱ्यात मारलीस, बेल्मिरो. मारण्याआधी तिकडेच बघितलंस. आणि इतकी वर्षं औषधं विकतोस, या बोटाला कधी मलम विचारलंस का रे?"

बेल्मिरोंनी बोटाकडे बघितलं. "मांजर," एवढंच म्हणाले, टोपी काढली आणि उठून उन्हात गेले.

छपराखाली आईने मला शेजारी जागा केली. सामना सुरू झाल्यावर, माझ्याकडे न बघता – "तुझा डावा पाय चांगला होता. पोलीस नेतील म्हणून कान धरायचे मी."