नाव झाकायला नाव सांगावं लागतं

डुलुथ, ४ फेब्रुवारी

ती. आर्डिसताईस रेलिनचा सा. न. वि. वि.

घर मिळेपर्यंत लेक मारित तिच्या बाबाकडे आहे, मजेत आहे. मी अजून मैत्रिणीच्या, मिर्नाच्या सोफ्यावरच.

काल आणखी एका घरमालकिणीने कॉफी पाजली, खोल्या दाखवल्या आणि मग संगणकात माझं नाव घातलं. म्हणाली, तुमच्यावर घर खाली करायचा दावा झालाय. मी सांगितलं, हीटर बंद होता म्हणून तक्रार केली, त्या रागाने जुन्या मालकाने दावा लावला. कोर्टाने तो फेटाळलाही. तर म्हणे, फेटाळला असेल हो, पण दिसतोय ना! राग यायला हवा होता. मी कोट घातला नि निघाले.

अशा नोंदी लोकांना दिसू नयेत म्हणून कायदा येतोय. वकीलबाई म्हणतात, राजधानीत, सेंट पॉलला विधिमंडळाच्या समितीपुढे बोल. कॅमेरा असतो, नाव मोठ्याने सांगायचं असतं. जाऊ का?

तुझीच,
रेलिन

बेमिजी, ११ फेब्रुवारी

चि. रेलिनला अ. उ. आ.

अगं वेडे, नाव झाकायचं म्हणून ते साऱ्या राज्याला ऐकवायचं? तुझे भावजी म्हणतात, नको. मी म्हणते, जा. फक्त तो तपकिरी स्वेटर घालू नकोस, त्यात तू उगाच केविलवाणी दिसतेस. रानतांदूळ पाठवलाय, मिर्नालाही दे. सोफा तिचा आहे.

काळजी करणारी,
आर्डिस

डुलुथ, २० मार्च

ती. ताईस सा. न.

जाऊन आले. एका आमदाराने विचारलं, घरात कोण येतंय हे मालकाला कळू नये का? मी म्हटलं, कळू दे, पण निकालासकट कळू दे. त्यांनी आभार मानून पुढचं नाव पुकारलं.

मारितच्या वर्गाने ते पाहिलं. तिचा फोन आला. म्हणाली, मी कोट घालून झोपायचे हे तू सगळ्यांना का सांगितलंस?

रेलिन

डुलुथ, १९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

नव्या वर्षापासून कायदा लागू झाला. नव्या मालकाने नाव घातलं, काहीच आलं नाही. किल्ली मिळाली. दोन खोल्या, तळं दिसतं.

मारितला कळवलं. म्हणाली, छान झालं आई, रविवारी येत जाईन. पण राहायला नाही, माझं सगळं आता इथे आहे. मी बरं म्हटलं आणि भांडी लावत बसले.

रडलीस का, असं विचारशील. नाही. पलंगाच्या दुकानात मात्र किती हवेत विचारलं, तेव्हा तोंडातून दोन निघालं. दोन्ही आलेत. एक अजून प्लास्टिकमध्येच आहे.

आहेस तशीच माझी राहा.

रेलिन